आधी साठवा, मग पाठवा

मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या बाईंचा फोन आला. "तुम्ही तीन वर्षं चीनमध्ये होतात ना, तिथले गमतीदार अनुभव लिहा. खाण्यापिण्याचं नको, ते सगळेच लिहितात. कॉम्प्युटरचं लिहा." मी म्हटलं, बाई, कॉम्प्युटरवाल्याचे अनुभव गमतीदार असतात ते ऐकणाऱ्याला. त्या म्हणाल्या, मग तेच तर हवंय. म्हणून लिहायला बसलो. पण आधीच सांगून ठेवतो, मला यातली एकच गोष्ट खरी सांगायची आहे. बाकीचं सगळं तिच्यापर्यंत पोचायला लागतं म्हणून येईल.

ती गोष्ट अशी, की माझी मुलगी मुक्ता तिच्या आईशी मराठीत बोलते आणि माझ्याशी इंग्रजीत. एकोणीस वर्षांची आहे, इथे सिंगापूरला नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपीचं प्रशिक्षण घेतेय. घरी आली की स्वयंपाकघरात आईशी मस्त घडाघडा मराठी चालू असतं, "अगं आई, ते म्हातारे आजोबा मला चावले आज" वगैरे. मी आत शिरलो की गाडी रूळ बदलते. "हाय बाबा. यू एट ऑलरेडी?" बस. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि माधवी, म्हणजे माझी बायको, भांडी आवरायला लागते. हे असं अकरा वर्षं चाललंय. मला ते लागायचं. फार लागायचं. पण का, ते या वर्षापर्यंत कळलं नव्हतं.

आता धंद्याचं सांगतो. मी मूळचा चिंचवडचा, नेटवर्कवाला. इथल्या कॉम्प्युटरचं तिथल्या कॉम्प्युटरशी बोलणं चालू ठेवणं, एवढंच माझं काम. चालू असेल तोवर मी कोणाला आठवत नाही. बंद पडलं की मोठ्या साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना माझा नंबर पाठ असतो. आमचं ऑफिस तोआ पायोहला, घर बुकित बातोकला, बाराव्या मजल्यावर. मुक्ता पाच वर्षांची झाली त्या वर्षी कंपनीने चीनमध्ये, सुझौला, कारखाना काढला. तिथली यंत्रणा उभी करायला माणूस हवा होता. सहा महिन्यांचं काम आहे म्हणाले. आपल्याकडे लग्नाच्या कार्यालयात सांगतात ना, "पाच मिनिटांत पानं वाढतो", त्यातलेच ते सहा महिने. तीन वर्षं झाली. सहा-सात आठवड्यांनी चार दिवस घरी यायचो.

चीनमधलं इंटरनेट संथ आहे असं लोक म्हणतात. ते खरं नाही. आतल्या आत ते आपल्यापेक्षा वेगवान आहे. एक मोठी सोसायटी समजा. आतले रस्ते गुळगुळीत, दिवे झगझगीत. पण बाहेर पडायला फाटकं मोजकी, आणि प्रत्येक फाटकावर रखवालदार, तो प्रत्येकाची पिशवी उघडून बघणार. काही पत्त्यांवर जायचं असेल तर तो नाही म्हणतसुद्धा नाही. नुसता ऐकू न आल्यासारखा उभा राहतो. तुम्ही वाट बघत बसायचं. कॉम्प्युटरही बसतो बिचारा, ते गोल गोल चक्र फिरवत. आणि संध्याकाळी सगळी सोसायटी एकदम बाहेर निघते.

कंपनीची स्वतःची परवानगीवाली लाइन होती, पण अरुंद, फक्त कामासाठी. तिच्यावरून घरच्यांशी बोलायला सक्त मनाई. तो नियम मीच लिहिला होता, ठळक अक्षरांत, आणि दारावर चिकटवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्या आठवड्यात तिथल्या दुकानातून कॉम्प्युटर आणले. चालू केले तर सगळं चिनी. प्रत्येकात तीन-तीन व्हायरस पकडणारी सॉफ्टवेअरं आधीच बसवलेली, आणि तिन्ही एकमेकांनाच व्हायरस म्हणून पकडत होती. चिनीत एरर यायचा. त्याचा अर्थ शोधायला जी वेबसाइट लागायची ती फाटकाबाहेर. म्हणजे चोरीची तक्रार द्यायला चौकीवर जावं तर चौकीच चोरीला गेलेली. साध्या ट्रेनच्या तिकिटाला ओळखपत्राचा आकडा मागायचे, चौकट अठरा आकड्यांची, माझा पासपोर्ट तिच्यापुढे चिंधी. नावाच्या चौकटीत चार अक्षरं मावायची. माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव असा सगळा लवाजमा घेऊन मी त्या चौकटीच्या दारात उभा. सिंगापूरच्या बँकेचा पासवर्ड मोबाइलवर यायचा, तो पोचेपर्यंत त्याची मुदत संपलेली असायची. ही रोजची रड. संध्याकाळपर्यंत नाकी नऊ यायचे.

कारखान्याचे प्रमुख तान साहेब सिंगापूरचेच. रोज सकाळी टॅब्लेट घेऊन माझ्या टेबलाशी. "यू आयटी, राइट? धिस वन कॅनॉट ओपन." मी सांगायचो, साहेब, हे माझ्या हातात नाही, हे सरकारी फाटक आहे. ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच टॅब्लेट. दीड वर्षाने म्हणाले, "अजून जमलं नाही?" त्यांचा प्रामाणिक समज होता की मी आळशी आहे.

मला हाताशी होत्या शू बाई. तिथल्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख, वय पन्नासच्या पुढे, चष्मा केसांत खोचलेला. इंग्रजी मोजकं, पण नेमकं. घोडं कुठे पेंड खातंय ते त्यांना वासावरून कळायचं. मी वायरी तपासत बसायचो, त्या स्विचवर, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जोडतात त्या डब्यावर, हात ठेवून म्हणायच्या, "हॉट. डेड." आणि खरंच गेलेला असायचा. त्यांनीच माझ्या नावाची दोन चिनी अक्षरं करून दिली, तेव्हा कुठे मला ट्रेनमध्ये बसता आलं. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या खेड्यातल्या आईला फोन लावायच्या. साधा फोन. दोन-तीनदा तुटायचा, त्या परत लावायच्या. बोलणं काय, तर जेवलीस का, गुडघा कसाय. तिकडून म्हातारी इतक्या मोठ्याने ओरडायची की मला टेबलापलीकडे ऐकू यायचं.

मीसुद्धा घरी फोन करायचोच. साडेसातला. सिंगापूरचं आणि चीनचं घड्याळ एकच, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा. पण मुक्ताला नुसता आवाज चालायचा नाही. फोन कानाला लावून ती गप्प बसायची आणि मी विचारलेल्या प्रश्नांना मान हलवून उत्तर द्यायची. माधवी मागून सांगायची, "अरे, हो म्हणतेय ती." म्हणून व्हिडिओ. व्हिडिओवर मी तिला रोज गोष्ट सांगायचो, बुकित बातोकच्या कालव्यात राहणाऱ्या घोरपडबाईंची. घोरपडबाईंना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून पुण्याला जायचं असतं, आणि त्यांना कोणी कार्ड देत नाही. आमच्या घरी गोष्टीचा नियम असा, की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. "हं" म्हटलं की गोष्ट पुढे, नाही म्हटलं की सांगणारा थांबणार. माझे वडील असेच सांगायचे. मुक्ताचा "हं" फार गोड होता, शेवटी जरा वर जायचा. मधेमधे मी विचारायचो, आता काय झालं असेल गं? ती डोळे बारीक करून विचार करायची.

पण साडेसात ही नेमकी फाटकावरच्या गर्दीची वेळ. मी "एक होती घोरपड" म्हणायचो आणि पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठायचो. मुक्ताचा "हं" दहा सेकंदांनी यायचा, तोवर मी पुढच्या वाक्यात असायचो. "बाबा, तू हलतच नाहीयेस," असं तिचं तुटकं-तुटकं ऐकू यायचं. तिथलं स्थानिक अॅप घेतलं, तेही हेच करायचं. लपून बोगदे खणून पाहिले, म्हणजे रखवालदाराला पिशवीत काय आहे ते दिसू नये अशी सोय. दोन आठवडे चालायचे आणि मग बुजायचे. एक दिवस ती पडद्यासमोरून उठून गेली. माधवी म्हणाली, "कंटाळली रे. उद्या बघू." मी जगातली नेटवर्कं जोडणारा माणूस, आणि मला माझ्या पोरीला एक गोष्ट सांगता येईना. त्या दिवशी मी भाड्याच्या खोलीत बसून रडलो.

त्याच सुमाराला कारखान्यात प्रसंग ओढवला. त्यांच्या राजधानीत कसलीशी मोठी बैठक होती. अशा वेळी रखवालदार जास्तच जागरूक होतात. आमची परवानगीवाली लाइनसुद्धा धापा टाकायला लागली आणि दुपारी पडलीच. आता आमच्याकडे मालाच्या प्रत्येक खोक्यावर जो नंबर चिकटवायचा, तो सिंगापूरच्या कॉम्प्युटरकडून त्या-त्या क्षणी मागून घ्यायचा, अशी रचना होती. नंबर नाही तर खोकं हलत नाही. बाहेर तीन ट्रक उभे, संध्याकाळी शांघायहून बोट सुटणार. तान साहेब माझ्या डोक्यावर उभे. शेवटी शू बाईंनी साधा फोन उचलला. तोआ पायोहच्या ऑफिसातून माझा सहकारी एकेक नंबर वाचतोय, शू बाई टाइप करताहेत, मी मागे उभा राहून तपासतोय. फोन तुटला की त्या पुन्हा लावायच्या आणि म्हणायच्या, "अगेन, लास्ट नंबर." चार तास. त्यांचा आवाज बसला. बोट मिळाली.

त्यानंतर मी ती रचनाच बदलली. आमच्या धंद्यात एक जुनं सूत्र आहे: लाइनचा भरवसा नसेल तर आधी साठवा, मग पाठवा. दुसऱ्या दिवशीचे सगळे नंबर आदल्या दुपारी, गर्दी नसताना, सुझौला आणून ठेवायचे. मग संध्याकाळी लाइन जगो नाहीतर मरो. दोन यंत्रांना त्या क्षणी एकमेकांशी बोलायची गरजच ठेवायची नाही. अक्षरशः एकदाही खोकं अडलं नाही. मुख्य ऑफिसने प्रशस्तिपत्र दिलं, ते अजून आहे कुठेतरी.

आणि मग माझ्या सुपीक डोक्यात आलं, की हेच घरी का करू नये.

जेवणाच्या सुट्टीत मी मीटिंगच्या खोलीत जाऊन दार लावायचो आणि त्या दिवशीची गोष्ट रेकॉर्ड करायचो. दोन वाजता ती हळूहळू फाटकातून बाहेर पडायची, चारपर्यंत बुकित बातोकला पोचायची. साडेसातला माधवीने बटण दाबायचं. खणखणीत आवाज, कुठे तुटणं नाही, गोठणं नाही. हुंकाराचीही सोय केली होती मी. आधीच्या कॉलवरून मोजलं, मुक्ताला "हं" म्हणायला किंवा उत्तर द्यायला साधारण तीन सेकंद लागतात. तेवढी जागा रिकामी सोडायचो आणि पुढे जायचो. अगदी समोर बसल्यासारखं वाटलं पाहिजे. मला स्वतःचाच केवढा अभिमान वाटला होता.

शू बाईंनाही मी हौसेने सांगितलं. म्हटलं, तुम्ही पण आईसाठी असंच करा, फोन सारखा तुटतो तुमचा. त्यांनी डबा खाता खाता विचार केला आणि म्हणाल्या, "मग मला रागावणार कोण?" मी हसलो. मला वाटलं, बाईंना तंत्र समजलं नाही.

घरी असायचो ते चार दिवस सोडले तर दोन वर्षं एकही दिवस चुकला नाही. तापात रेकॉर्ड केलं, विमानतळावर रेकॉर्ड केलं. रविवारी थेट कॉल व्हायचा, त्यात मुक्ता दोन शब्द बोलून पळायची. मी म्हणायचो, असू दे, गोष्ट तर रोज ऐकते ना. माधवी एकदा म्हणाली होती, "ऐकते रोज, पण हल्ली अगदी गप्प बसून ऐकते." मी म्हटलं, म्हणजे लक्ष देऊन ऐकते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण ती आपल्यासाठी असते असं कधी वाटत नाही.

काम संपवून कायमचा परत आलो तेव्हा दोघी विमानतळावर आल्या होत्या. मुक्ता आठ वर्षांची, समोरचे दोन दात नवे. मी गुडघ्यावर बसलो, म्हटलं, "कशी आहेस गं?" ती म्हणाली, "फाइन. हाऊ वॉज यॉर फ्लाइट?" एअर होस्टेससारखं, अदबीनं. मला वाटलं, शाळेमुळे. होईल हळूहळू. मग वाटलं, मी ऑफिसातला माणूस, माझ्याशी इंग्रजी आलंच तोंडात. दरवर्षी नवं कारण शोधायचो. एकदा रागावून म्हटलं, "माझ्याशी मराठीत बोल, नाहीतर बोलू नकोस." तर ती चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मीच इंग्रजीत विचारलं, छत्री घेतलीस का.

या वर्षी मी काम कमी केलंय, आठवड्यातून तीनच दिवस जातो. एका रविवारी कपाट आवरताना सुझौचा जुना लॅपटॉप सापडला. चार्जर शोधला, चालू झाला. आत त्या सगळ्या गोष्टी, तारीखवार, नीट नावं दिलेल्या. मला इतका आनंद झाला की लॅपटॉप घेऊन मी जेवणाच्या टेबलावरच गेलो. वरणभात वाढलेला, माधवी बसत होती, मुक्ता फोनमध्ये. म्हटलं, "थांबा, एक गंमत ऐका," आणि मधलीच एक फाइल लावली.

माझाच आवाज, तरुण, उगाच लाडिक. "आणि मग घोरपडबाईंनी स्टेशनच्या गेटवर कार्डासारखं शेपूट टेकवलं. दार उघडलं का गं?" तीन सेकंद शांतता. आणि मग लॅपटॉप म्हणाला, "बरोबर! शाब्बास, माझी मुक्ता."

मी हसत होतो. माधवीही हसली. मुक्ताने फोन खाली ठेवला.

तिने जे सांगितलं ते इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत लिहितो. ती म्हणाली, "सुरुवातीला मी खरी उत्तरं द्यायचे. मग एकदा चुकून चुकीचं दिलं. तू म्हणालास, बरोबर. मग मी मुद्दाम काहीही सांगायला लागले. घोरपडबाईंनी काय खाल्लं? चप्पल. बरोबर. कोणाला भेटल्या? चप्पल. बरोबर, शाब्बास. मला वाटलं, तू माझी गंमत करतोयस. मी खूप हसायचे."

"मग?" मी विचारलं.

"मग एक दिवस मी खरंच विचारलं."

"काय?"

मुक्ता ताटाकडे बघत होती. आणि ती म्हणाली, मराठीत, स्वच्छ, सहा-सात वर्षांच्या मुलीच्या चालीवर, "बाबा, तू घरी कधी येणार?"

अकरा वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते वाक्य, तिच्या तोंडून, माझ्याकडे. मला तिला सांगायचं होतं की मला ऐकू आलं नव्हतं गं, ऐकू आलं असतं तर त्याच दिवशी बॅग भरली असती. हेही सांगायचं होतं की त्या खोलीत दार लावून बसायचो तेव्हा तुझ्याचसाठी बसायचो. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने काढून घेतला नाही.

लॅपटॉप बंद करायचं कोणालाच सुचलं नव्हतं. त्यातला मी अजून बोलत होतो. घोरपडबाई गाडीत बसल्या, खिडकीतून बघायला लागल्या, आणि त्याने विचारलं, "आता त्या कुठे उतरल्या असतील, सांग बघू?"

आम्ही तिघंही गप्प होतो.

"बरोबर," तो म्हणाला.